अ‍ॅग्रोबॅक्टेरियम वापरून मक्यात जनुक घालताना: कणसापासून रोपापर्यंत

प्रयोगशाळेत नव्याने आलेली मुलं पहिल्या दिवशी हमखास जीवाणूबद्दल विचारतात. कोणता स्ट्रेन, कोणतं प्लाझ्मिड (जीवाणूतला वर्तुळाकार जादा डीएनए), ओडी (द्रावणाचा गढूळपणा) किती ठेवायची. कणसाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. आणि पुढे काम फसतं ते बहुतेक वेळा कणसापाशीच: एक दिवस आधी तोडलेलं, दोन दिवस उशिरा तोडलेलं, ऐन उन्हात परागीकरण केलेलं, आतून अळीने पोखरलेलं. जीवाणूला त्याचं काम शिकवावं लागत नाही. मक्याचा भ्रूण मात्र नेमक्या वयाचा हवा, तजेलदार हवा आणि तुमच्या हातून न दुखावता बाहेर यायला हवा. म्हणून या लेखात जीवाणूला थोडी जागा दिली आहे आणि कणसाला पुष्कळ.

लेख लिहिला आहे तो एमएस्सी बायोटेक किंवा कृषी पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी. ज्यांनी आधी तंबाखूच्या पानाच्या चकत्या किंवा केळीचं टिश्यू कल्चर केलं आहे, पण मक्याला हात लावलेला नाही, असा वाचक डोळ्यांसमोर आहे. पद्धत सांगतो ती अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या गटाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली, हाय-टू या मक्यावरची. त्यानंतर पुष्कळ नव्या पद्धती आल्या, पण शिकायला मला अजूनही हीच बरी वाटते. यात प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो आणि कुठे चुकलं ते कळतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स हा मातीत राहणारा जीवाणू. गुलाब, सफरचंद, पीच अशा झाडांच्या जखमेतून तो शिरतो आणि खोडाच्या बुडाशी गाठ उठवतो. ही गाठ जीवाणूमुळे होते हे स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ मध्ये दाखवलं. पुढे १९७४ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात या गाठीचं मूळ एका मोठ्या प्लाझ्मिडात असल्याचं कळलं. त्यालाच आपण टीआय प्लाझ्मिड म्हणतो. १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी त्या प्लाझ्मिडाचा एक तुकडा वनस्पतीच्या स्वतःच्या डीएनएत बसलेला सापडल्याचं सिद्ध केलं. हा तुकडा म्हणजे टी-डीएनए. त्यातली गाठ उठवणारी जनुकं काढायची, दोन्ही बाजूंच्या सीमा तशाच ठेवायच्या आणि मध्ये आपल्याला हवं ते जनुक बसवायचं. जीवाणू सीमा ओळखतो, आत काय आहे ते पाहत नाही.

गवतवर्गातल्या पिकांना निसर्गात ही गाठ येत नाही. जखमी तंबाखूतून अ‍ॅसिटोसिरिंगोन नावाचं रसायन पाझरतं आणि त्याच्या इशाऱ्यावर जीवाणूची यंत्रणा जागी होते, हे १९८५ मध्ये समजलं. मक्यात हा इशारा आपल्यालाच बाटलीतून द्यावा लागतो. जनुक बसवलेला पहिला सुपीक मका १९९० मध्ये मिळाला तो जीन गनने, म्हणजे धातूच्या बारीक कणांवर डीएनए लावून ते पेशींवर झाडून. जीवाणूने मक्यात भरवशाचं काम करून दाखवलं ते १९९६ मध्ये, जपान टोबॅकोच्या इशिदा आणि सहकाऱ्यांनी. त्यांनी ए१८८ या वाणाचे कोवळे भ्रूण वापरले आणि ५ ते ३० टक्के यश मिळवलं. त्यांचं वेक्टर, म्हणजे जनुक वाहून नेणारं प्लाझ्मिड, खास होतं, त्याला सुपर-बायनरी म्हणतात. साधं बायनरी वेक्टर वापरूनही नियमितपणे हे काम जमतं, हे आयोवाच्या गटाने दाखवलं. त्यांचं सरासरी यश १०० भ्रूणांमागे ५.५ इव्हेंट, म्हणजे जनुक बसल्याच्या स्वतंत्र घटना. हा आकडा मनात पक्का ठेवा, पुढे धीर धरायला उपयोगी पडतो.

कामाला हात लावण्याआधीचे कागद

आपल्याकडे असं काम पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ आणि त्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतं. तुमच्या संस्थेची जैवसुरक्षा समिती असते, आधी तिच्याकडे अर्ज करायचा. त्यापुढे केंद्रातल्या आरसीजीएम आणि जीईएसी या जनुकबदलाच्या कामाची छाननी करणाऱ्या समित्या. हाय-टूचं बियाणं अमेरिकेतल्या अर्बाना इथल्या मका जनुकसंग्रहातून मिळतं, पण ते मागवायचं तर दिल्लीच्या एनबीपीजीआर या वनस्पती जनुकसंपदा संस्थेमार्फत आयात परवाना लागतो. कुणा मित्राच्या बॅगेतून चार दाणे आणू नका. कायदा तर मोडतोच, शिवाय परदेशी बियाण्यासोबत रोग येतो.

जनुक-परिवर्तित मक्याच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. तुमची रोपं बंदिस्त हरितगृहातच राहतील, तुऱ्यावर पिशवी चढेल आणि उरलेला प्रत्येक पाला-पाचोळा ऑटोक्लेव्ह होऊनच (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक होऊनच) बाहेर जाईल. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. खरिपात संस्थेच्या भोवताली शेतकऱ्यांचा मका उभा असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. शेजारच्या शेतकऱ्याचा तुमच्यावर विश्वास असतो, तो कागदाच्या कुठल्याही परवान्याहून मोठा आहे.

पायरी १: दाता रोपं (ज्यांच्या कणसातून भ्रूण घ्यायचे ती) वाढवणं

हाय-टूच का? ए१८८ आणि बी७३ या दोन वाणांच्या संकरातून तो निवडला गेला. त्याचा कॅलस, म्हणजे माध्यमावर वाढणारा पेशींचा गोळा, भुसभुशीत येतो, भराभर वाढतो आणि त्यातून रोप पुन्हा उभं राहतं. बी७३ शेतात उत्तम, पण कल्चरमध्ये जवळपास हलतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक सरळ वाणांची तीच गत आहे. हाय-टूचे दोन पालक मिळतात, अ आणि ब. त्यांचा संकर करून मिळालेली रोपं एकमेकांत किंवा स्वतःशी परागित करायची आणि त्या कणसातले भ्रूण वापरायचे.

दर आठवड्याला थोडं थोडं बी टाका. एकदम सगळं पेरलं तर एकाच आठवड्यात तीस कणसं तयार होतात आणि तुमच्या हातून त्यातली चार होतात. हरितगृहाचं तापमान दिवसा २८ आणि रात्री २१ अंशांच्या आसपास असावं. मराठवाड्यात, विदर्भात एप्रिल-मेमध्ये हे सांभाळणं महाकठीण. कूलर चालू असूनही दुपारी पराग सुकून जातो आणि कणसात दाणे विरळ भरतात. मी तर मार्च संपला की दाता रोपं पेरतच नाही. जून उजाडेपर्यंत जनुकाची बांधणी, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढून तो ओळखणं), लिखाण अशी कामं उरकून घ्यावीत.

कणसाचे केस बाहेर पडायच्या आधीच त्यावर छोटी कागदी पिशवी घाला. केस दिसू लागले की कणसाचं टोक कापून टाकायचं. दुसऱ्या दिवशी सगळे केस एका उंचीचे, दाढीच्या ब्रशासारखे वर येतात. तुऱ्यावर आदल्या संध्याकाळी पिशवी बांधलेली असते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, दव सुकल्यावर, तुरा पिशवीसकट हलवून पराग गोळा करायचा आणि त्या ब्रशावर ओतायचा. हे एकाच वेळी, एकाच झटक्यात होणं महत्त्वाचं. दोन-तीन दिवस थोडा थोडा पराग पडत राहिला तर एकाच कणसात वेगवेगळ्या वयाचे भ्रूण मिळतात आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पिशवीवर पेन्सिलने तारीख लिहा. पेनची शाई पाण्याने उडते. परागीकरणानंतर कणसाजवळ कीटकनाशक फवारायचं मी टाळतो. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आल्यापासून हरितगृहातही ती शिरते, म्हणून पोंग्यात डोकावून अळ्या रोज हाताने वेचाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण एक अळी कणसात शिरली की ते कणीस बुरशीसकट हूडखाली (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक टेबलावर) येतं.

पायरी २: कणीस कधी तोडायचं

हवा तो भ्रूण १.५ ते २ मिलिमीटर लांबीचा. उन्हाळ्याच्या तोंडावर तो परागीकरणानंतर दहाव्या दिवशी मिळतो, डिसेंबरात तेरा-चौदा दिवसही लागतात. म्हणून दिवस मोजून थांबू नका. नवव्या दिवसापासून रोज कणसाची पानं किंचित बाजूला करून मधल्या ओळीतला एक दाणा काढा, नखाने फोडा आणि भ्रूण काळ्या कागदावर ठेवून पट्टीने मोजा.

दिसतो कसा? दाण्यातला गर अजून पाणीदार असेल तर भ्रूण जेमतेम टाचणीच्या टोकाएवढा, काचेसारखा पारदर्शक असतो. हा घेऊ नका, चिमट्यात चिरडतो. गर दुधाळ आणि किंचित घट्ट झाला की भ्रूण पांढुरका होतो पण त्यातून उजेड अजून थोडा दिसतो. हीच वेळ. आणखी दोन दिवसांनी तो पूर्ण पांढरा आणि टणक होतो. असा भ्रूण कॅलस कमी देतो आणि सरळ कोंब काढू लागतो. एकदा ही तीन रूपं डोळ्यांत बसली की पट्टी लागत नाही.

तोडलेलं कणीस पानांसकट ४ अंशांवर एक-दोन दिवस राहतं. मी शक्यतो त्याच दिवशी वापरतो.

पायरी ३: जीवाणूची तयारी

स्ट्रेन ईएचए१०१, त्यात पीटीएफ१०२ हे वेक्टर. सीमांच्या मध्ये दोन जनुकं: बायलाफॉस हे तणनाशक सहन करायला लावणारं बार आणि निळा रंग देणारं गस. गसमध्ये एक इंट्रॉन, म्हणजे जनुक वाचताना कापून टाकावा लागणारा तुकडा, घातलेला असतो. जीवाणूला तो कापून काढता येत नाही, त्यामुळे निळा ठिपका दिसला तर तो मक्याच्या पेशीतलाच, उरलेल्या जीवाणूचा नव्हे.

मूळ साठा ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर. महिन्यातून एकदा त्यातून वायईपी माध्यमाची नवी प्लेट काढायची, त्यात कॅनामायसिन आणि स्पेक्टिनोमायसिन. प्रयोगाच्या तीन दिवस आधी या प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर रेघ ओढून १९-२० अंशांवर वाढवायचं. महिनोन्महिने एकाच जुन्या प्लेटवरून कल्चर उचलत राहू नका, प्लाझ्मिड गळून जाऊ शकतं.

प्रयोगाच्या दिवशी लूपभर जीवाणू ५ मिलि इन्फेक्शन माध्यमात मिसळा. माध्यमात एन६ क्षार, दर लिटरला ६८.४ ग्रॅम साखर आणि ३६ ग्रॅम ग्लुकोज, पीएच ५.२, आणि ऐनवेळी घातलेलं १०० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन. या माध्यमाला ऑटोक्लेव्ह नको, फिल्टरने गाळून घ्यायचं. ५५० नॅनोमीटरला ओडी ०.३५ ते ०.४ आली की नळी आडवी ठेवून दोन ते चार तास अगदी हळू हलवत ठेवा. तोवर तुम्ही भ्रूण काढायला बसा.

पायरी ४: भ्रूण काढणं

हा या सगळ्या कामाचा गाभा. घाई करू नका. पहिल्या दिवशी तासाला वीस भ्रूण निघाले तरी पुष्कळ झाले. दोन महिन्यांनी शंभर निघतील.

कणसाची पानं आणि केस काढा. टोकाचा भाग कापा आणि तिथे एक जाड चिमटा रोवा. हा तुमचा दांडा. त्याला धरून कणीस उचलायचं, हात लावायचा नाही. पाण्यात निम्मं ब्लीच आणि ट्वीन-२० चा एक थेंब घालून त्यात २० मिनिटं बुडवा, मधून मधून हलवा. मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. शेवटचं धुणं झालं की कणीस हूडखाली निथळू द्या.

आता अकरा नंबरच्या ब्लेडने दाण्यांची टोकं उडवा, वरचा एक-दीड मिलिमीटर. एका वेळी दोन-तीन ओळींची टोकंच उडवा, सगळी उडवली तर मागचे दाणे वाळतात. उघड्या दाण्यात दुधाळ गर दिसेल. भ्रूण या गराच्या कणसाच्या टोकाकडच्या बाजूला, खाली बुडाशी बसलेला असतो. नेहमी त्याच बाजूला. हे कळेपर्यंत लोक अर्धा तास उलट्या बाजूने खोदत बसतात. बारीक स्पॅच्युला गर आणि साल यांच्या मध्ये उतरवा, बुडापर्यंत न्या आणि गर हलकेच वर ढकला. गर एका गोळ्यात बाहेर येतो, आणि त्याला चिकटून किंवा सालीच्या कोपऱ्यात भ्रूण दिसतो. टोकाने त्याला उचला. टोचू नका, त्याच्याखाली सरकवून घ्या, जसं तव्यावरून नाजूक घावन उचलतो तसं.

उचललेला भ्रूण दोन मिलिच्या नळीत एक मिलि इन्फेक्शन माध्यमात टाका, अजून जीवाणू नसलेल्या. एका नळीत शंभरपर्यंत चालतील. चिरलेले, तुटलेले भ्रूण गोळा करायचा मोह होतो. त्यांना बाजूला काढा, ते कॅलस देत नाहीत आणि तुमचा आकडा बिघडवतात.

आणि काही भ्रूण जीवाणूशिवाय ठेवून द्या. यातल्या निम्म्यांना पुढे बायलाफॉस द्यायचं, निम्म्यांना द्यायचं नाही. पहिल्या गटातले सगळे मेले पाहिजेत, दुसऱ्या गटातून भरघोस कॅलस यायला पाहिजे. कंट्रोल न ठेवता तीन महिने काम केलेली आणि शेवटी काय झालं ते सांगता न आलेली मुलं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

पायरी ५: गाठभेट

भ्रूण साध्या माध्यमात दोनदा धुवा. तिसऱ्या वेळी जीवाणूचं द्रावण एक मिलि घाला. नळी वीस वेळा सावकाश उलटसुलट करा, मग पाच मिनिटं अंधारात उभी ठेवा. पाच म्हणजे पाच. व्हॉर्टेक्सवर धरू नका.

सगळं को-कल्टिव्हेशनच्या (भ्रूण आणि जीवाणू एकत्र वाढवायच्या) प्लेटवर ओता आणि जादा द्रव पिपेटने शोषून घ्या. आता प्रत्येक भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली योग्य बाजूने ठेवायचा. एक बाजू सपाट, तिथे रोपाचा अक्ष असतो. दुसरी फुगीर, ते स्कुटेलम. सपाट बाजू माध्यमाला टेकलेली आणि फुगीर बाजू वर. कॅलस स्कुटेलमच्या पेशींमधून येतो. भ्रूण उलटा पडला तर तो प्रामाणिकपणे उगवतो, मूळ आणि कोंब काढतो आणि तुम्हाला काहीच देत नाही. माझ्या पहिल्या प्रयोगात निम्मे भ्रूण उलटे होते. आठ दिवसांनी प्लेटवर कोंब पाहून मला आधी आनंद झाला होता.

या प्लेटमध्ये एन६ क्षार, १.५ मिलिग्रॅम २,४-डी, प्रोलिन, अ‍ॅसिटोसिरिंगोन, ०.८५ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि ४०० मिलिग्रॅम एल-सिस्टीन, सगळं दर लिटरला. २,४-डी हे नाव ऐकून शेतकरी घरातली मुलं दचकतात. होय, तेच तणनाशक. शेतात रुंद पानांचं तण मारतं, इथे अत्यल्प मात्रेत पेशींना पुन्हा विभागायला लावतं. सिस्टीन भ्रूणाचं काळवंडणं रोखतं आणि जास्त पेशींत जनुक पोचतं. त्याची किंमतही असते: काही भ्रूण कॅलस द्यायचंच नाकारतात. आयोवाच्या गटाने दोन्ही गोष्टी नोंदवल्या आणि तरी सिस्टीन ठेवलं, कारण शेवटी इव्हेंट जास्त मिळाले. सिल्व्हर नायट्रेट इथिलिन या वनस्पतीच्या वायुरूप संप्रेरकाला आवरतं आणि जीवाणूच्या बेसुमार वाढीलाही.

प्लेट अंधारात, २० अंशांवर, तीन दिवस. हा आकडा लवचिक नाही. जीवाणू २८ अंशांवर सुखाने वाढतो, पण डीएनए पलीकडे ढकलणारी यंत्रणा उष्णता सोसत नाही, त्या तापमानाच्या पुढे ती मोडून पडते. मी एका प्रयोगशाळेत होतो तेव्हा मे महिन्यात रात्री वीज गेली. जनरेटर फक्त फ्रीझरना जोडलेला होता. सकाळी इनक्युबेटरचा काटा ३१ वर. आत चारशे भ्रूण होते, तीन जणांच्या दोन दिवसांची मेहनत. प्लेट दिसायला छान होत्या, जीवाणूही जोमात वाढलेला. गसच्या चाचणीला दहा भ्रूण लावले, एकावरही निळा ठिपका नाही. तेव्हापासून इनक्युबेटर बॅकअपवर आहे की नाही हे मी आधी विचारतो आणि मग कणीस तोडतो.

तिसऱ्या दिवशी पाच-दहा भ्रूण गससाठी काढून घ्या, ३७ अंशांवर रात्रभर एक्स-ग्लुकमध्ये (गसमुळे निळं होणाऱ्या रसायनात) ठेवा. सकाळी फुगीर बाजूवर निळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसली पाहिजे. ती नसेल तर पुढचे दोन महिने खर्च करू नका. त्याच दिवशी थांबा आणि मागे जाऊन शोधा.

पायरी ६: विश्रांती आणि निवड

भ्रूण आता नव्या प्लेटवर, २८ अंशांवर, अंधारात. सेफोटॅक्सिमसारखं प्रतिजैविक जीवाणूला आवरायला. बायलाफॉस अजून नाही. सात दिवस पेशींना सावरू द्या. जखमेतून नुकत्याच उठलेल्या पेशीवर लगेच विष टाकलं तर जनुक मिळालेली पेशीही जाते.

या प्लेटना पॅराफिल्म लावू नका. औषधाच्या दुकानात ड्रेसिंगसाठी मिळते ती मायक्रोपोर टेप गुंडाळा. हवा खेळती राहते, पाण्याचे थेंब साचत नाहीत आणि जीवाणू परत डोकं वर काढत नाही. भ्रूणाभोवती दुधी साय दिसली तर तो जीवाणू सुटला आहे. असे भ्रूण फेकून द्या. धुवून वाचवायचा प्रयत्न मी पुष्कळदा केला आहे, यश क्वचित.

मग दोन आठवडे दर लिटरला १.५ मिलिग्रॅम बायलाफॉस, त्यानंतर दर दोन आठवड्यांनी ३ मिलिग्रॅमच्या नव्या प्लेटवर बदल. पहिला महिना निराश करतो. सगळं तपकिरी पडतं, पाणचट होतं, मरतं. तेच व्हायला हवं आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून त्या मेलेल्या ढिगात एखादी पांढरट-पिवळसर, कोरडी, भुसभुशीत गाठ वर येते, रवाळ तुपाच्या दाण्यासारखी. चिमट्याने धरली तर अलगद सुटते. हाच तुमचा उमेदवार. आजूबाजूचं मेलेलं तिथेच ठेवा, ती गाठ उचलून वेगळ्या जागी लावा आणि तिला क्रमांक द्या. दहाव्या आठवड्यापर्यंतही नवे उमेदवार निघतात, म्हणून प्लेट लवकर टाकू नका.

एका भ्रूणातून आलेलं सगळं मिळून एक इव्हेंट मोजायचा. त्या गाठीतून पुढे बारा रोपं झाली तरी इव्हेंट एकच. प्रबंधात बारा लिहून आलेला आकडा मार्गदर्शकांनी पुसलेला मी पाहिला आहे, आणि त्यांनी योग्यच केलं.

पायरी ७: रोप उभं करणं

हे तुलनेने सोपं. कॅलसचे छोटे तुकडे एमएस माध्यमावर, ६ टक्के साखर, संप्रेरक काहीही नाही, अंधारात २५ अंशांवर दोन-तीन आठवडे. कॅलसवर पांढरे, अपारदर्शक भ्रूण फुगतात. ते वेचून ३ टक्के साखरेच्या माध्यमावर, आता उजेडात, १६ तास दिवा. आठवडाभरात हिरवा कोंब आणि मूळ.

पान तीन-चार इंचांचं झालं की मुळांना चिकटलेलं माध्यम कोमट पाण्यात पूर्ण धुवा, नाहीतर साखरेवर बुरशी धरते. ओलसर कोकोपीट मिश्रणात लावा, वर पारदर्शक झाकण. झाकण एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडं थोडं उघडं ठेवत जा. पहिल्या पिढीची ही रोपं अनेकदा ठेंगणी राहतात, तुऱ्यातच दाणे धरतात, किंवा तुरा आणि केस यांची वेळ जुळत नाही. म्हणून शेजारी बी७३ ची रोपं दर आठवड्याला पेरून ठेवा. तुमच्या रोपाला केस आले की परागाची सोय हाताशी असते.

पायरी ८: खरंच बसलं का

बायलाफॉसवर जगलेलं सगळंच खरं नसतं. पानावर ग्लुफोसिनेटचं (बायलाफॉसच्याच जातीच्या तणनाशकाचं) द्रावण बोटभर जागेत लावा, कडेला मार्करने खूण करा. चार-पाच दिवसांत जागा करपली तर बार जनुक काम करत नाही.

पीसीआर सगळेच करतात, पण एकट्या पीसीआरवर विसंबू नका. रोपाच्या आत महिनोन्महिने थोडा जीवाणू दडून राहू शकतो आणि तो तुम्हाला सुंदर पट्टा दाखवतो. म्हणून टी-डीएनएच्या बाहेरच्या, फक्त जीवाणूत असणाऱ्या एखाद्या जनुकासाठीही प्रायमर लावा. तो पट्टा आला नाही तरच पहिल्यावर विश्वास ठेवा. किती प्रती बसल्या हे सदर्न ब्लॉट सांगतो. एक किंवा दोन प्रती असलेले इव्हेंट पुढे न्यावेत. जास्त प्रती असल्या की जनुक पुढच्या पिढीत गप्प बसण्याचा धोका वाढतो.

शेवटचा पुरावा पुढच्या पिढीचा. बी७३ शी केलेल्या संकराच्या कणसातले तीस-चाळीस दाणे पेरा आणि ग्लुफोसिनेट लावा. एकाच जागी जनुक बसलं असेल तर निम्मी रोपं तगतील आणि निम्मी करपतील. स्वपरागित कणीस असेल तर चारातली तीन तगतील. भ्रूण काढल्यापासून इथवर यायला सात-आठ महिने लागतात.

२०१६ मध्ये बेबी बूम आणि वुशेल या जनुकांची मदत घेऊन बी७३ सारख्या हट्टी वाणांतही काम होतं, असं दाखवलं गेलं. हात बसला की तिकडे जरूर वळा, आपल्याकडच्या वाणांसाठी मला तीच वाट जवळची वाटते. पण त्या पद्धतीतही सुरुवात बहुतेक वेळा कणसातून भ्रूण काढण्यापासूनच होते.

बी साठवताना प्रत्येक पाकिटावर इव्हेंट क्रमांक, आई, बाप, परागीकरणाची तारीख आणि किती दाणे आत आहेत ते लिहा, पेन्सिलनेच. तीच नोंद वहीत, आणि त्याची एक प्रत जैवसुरक्षा समितीच्या फाईलमध्ये. पाकीट कुलपाच्या कपाटात.